रेट्रो कॅमेरा घेताय? आधी डायल फिरवून पाहा

निकॉनचा झेड एफसी आणि त्याच कंपनीचा झेड ५० शेजारी ठेवले तर दोघांचे काही नाते असेल असे वाटणार नाही. एक चाळीस वर्षांपूर्वीच्या फिल्म कॅमेऱ्यासारखा, माथ्यावर चंदेरी डायल आणि त्यांवर कोरलेले आकडे. दुसरा काळा, मुठीत नीट बसणारा. आत मात्र २०.९ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर तोच, प्रोसेसरची पिढी तीच आणि सेकंदाला ११ फोटो काढण्याचा वेगही तोच. एकच लेन्स लावून, एकाच जागी उभे राहून काढलेले दोघांचे फोटो समोर टाकले तर कोणता कशाचा हे विकणाऱ्यालाही ओळखता येणार नाही. रेट्रो रूपासाठी आपण जे मोजतो ते फोटोसाठी नसते, बोटांसाठी असते. डायल फिरवण्यात तुमची बोटे रमणार असतील तर हा खर्च वाया जात नाही. गळ्यात शोभून दिसतो म्हणून घेणार असाल तर तसे स्वतःशी कबूल करून घ्या, त्यातही काही वाईट नाही.

पणजी, फोंडा, डिचोलीकडे नव्याने फोटोग्राफी करू लागलेल्या मुलांना आता मोबाइलचा कंटाळा आलाय आणि त्यांतले बरेच जण या जुन्या वळणाच्या मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याकडे) ओढले जातात. हा लेख त्यांच्यासाठी. उदाहरण म्हणून झेड एफसी घेतलाय, कारण या घराण्यात शिरण्याची ती सोपी वाट आहे आणि रेट्रो कॅमेऱ्याचे गुणदोष त्यात ठळक दिसतात. फुजीफिल्म किंवा ओएम सिस्टमचा घेणार असाल तरी पायऱ्या याच, फरक असेल तिथे सांगतो.

पायरी १ : फोटो कशाचे काढणार?

दुकानात जाण्याआधी हे ठरवा. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात पक्ष्यांमागे जायचे असेल किंवा लग्नांच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर रेट्रो बॉडी सोडून द्या. लांब लेन्स लावली की ग्रिप नसलेली बॉडी पुढे झुकते आणि तासाभरात मनगट बोलू लागते. लग्नात तर एकाच कार्डावर भरवसा ठेवावा लागतो. झेड एफसीला दुसरे कार्ड घालायची सोयच नाही. कार्ड बिघडले तर नवरीला काय सांगणार?

मळ्यातल्या आणि फोंताइन्हासच्या गल्ल्या, सकाळी सायकलवर पाव घेऊन येणारा पदेर, मासळी मार्केट, चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची आरास), देवळाच्या प्राकारातले नाटक, घरचे चेहरे, प्रवास यांसाठी मात्र हा कॅमेरा छान. तो लहान आहे. बॅटरी आणि कार्डासकट बॉडीचे वजन ४४५ ग्रॅम, म्हणजे तो रोज पिशवीत राहतो. शिवाय लोक त्याला घाबरत नाहीत. मोठी काळी बॉडी पुढे केली की माणसे आवरून बसतात, याच्याकडे पाहून एखादे आजोबा ‘यात अजून रोल मिळतो?’ असे विचारतात. त्या एका प्रश्नावर पोर्ट्रेटची परवानगी अर्धी मिळून जाते.

पायरी २ : दुकानात कॅमेरा आधी बंद ठेवा

दुकानदार लगेच स्क्रीन सुरू करून दाखवेल. त्याला थांबवा. बंद कॅमेरा हातात घ्या आणि वरून बघा. डावीकडे आयएसओचा (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा) डायल, १०० पासून ५१२०० च्या वरपर्यंत. त्याच्या खालच्या लहान लिव्हरवर ऑटो, पी, एस, ए, एम हे मोड : पीमध्ये वेग आणि ॲपर्चर कॅमेरा ठरवतो, एसमध्ये वेग तुम्ही, एमध्ये ॲपर्चर तुम्ही, एममध्ये दोन्ही तुम्ही. उजवीकडे शटर स्पीडचा (शटर किती वेळ उघडे राहते, त्याचा) डायल, ४ सेकंदांपासून १/४००० पर्यंत. त्याच्या बाजूला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा काळपट करायचा डायल, उणे ३ ते अधिक ३. जवळच ॲपर्चरचा (लेन्समधल्या छिद्राचा, एफ/८ असा लिहितात तो; आकडा लहान तितके छिद्र मोठे) आकडा दाखवणारी इवलीशी खिडकी.

रेट्रो रचनेचा खरा फायदा इथे आहे. कॅमेरा सुरू न करता तो कोणत्या आकड्यांवर आहे हे दिसते आणि बदलता येते. स्कूटर लावून मार्केटच्या दारापर्यंत चालत जाताना आयएसओ ८००, शटर १/२५० लावून मोकळे व्हायचे. शिकणाऱ्याला तर याचा दुप्पट उपयोग. शटर स्पीड, आयएसओ हे शब्द मेनूत दडलेले नसतात, बोटाखाली असतात. महिनाभरात १/६० आणि १/५०० मधला फरक डोक्यात न राहता हातात बसतो.

या मांडणीचा मूळपुरुष निकॉनचाच एफएम२ हा फिल्म कॅमेरा. तो १९८२ मध्ये आला तेव्हा १/४००० सेकंदाचे शटर ही मोठी बातमी होती. जून २०२१ मध्ये जाहीर झालेल्या झेड एफसीचा कमाल वेगही तोच आहे, हा योगायोग गमतीचा. फरक इतकाच की एफएम२ यांत्रिक होता. त्याचे सेल संपले तरी शटर चालायचे, फक्त लाइटमीटर बंद पडायचा. नव्याची बॅटरी गेली की सगळेच थांबते.

आता कॅमेरा सुरू करा आणि गप्पा मारत पंधरा-वीस मिनिटे उजव्या हातात धरून ठेवा. करंगळीला जागा मिळते का ते बघा. लांब बोटांच्या माणसाला मिळत नाही. पुढे चिकटवायची जास्तीची ग्रिप विकत मिळते, पण ती लावल्यावर मूळ रूप बिघडते आणि मग झेड ५०च का घेतला नाही असे वाटू लागते.

स्क्रीन बाहेर काढून उलटी फिरवा आणि आत मिटून टाका. कॅमेऱ्याच्या पाठीवर आता काहीच दिसत नाही. मला हा या कॅमेऱ्यातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. गोव्यातल्या दुपारी स्क्रीनवर तसेही काही दिसत नाही, स्वतःचा घामेजलेला चेहरा तेवढा दिसतो. स्क्रीन मिटली की डोळा आपोआप व्ह्यूफाइंडरला जातो आणि प्रत्येक फोटोनंतर खाली बघायची खोड मोडते.

पायरी ३ : कोणता डायल कधी झोपलेला असतो

नवे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथे, म्हणून जरा सावकाश वाचा.

लिव्हर ऑटोवर असेल तर आयएसओचा आणि शटरचा, दोन्ही डायल शोभेचे. कसेही फिरवा, कॅमेरा स्वतःचे ठरवतो. पी आणि ए मोडमध्ये शटर डायल झोपलेला. डायलवर १/१००० दिसते आणि कॅमेरा खुशाल १/३० ला फोटो काढतो, कारण त्या मोडमध्ये वेग ठरवण्याचे काम त्याचे आहे. डायलवरचा आकडा खोटा नसतो, पण त्या क्षणी तो लागू नसतो. एस किंवा एम लावले की तोच डायल जागा होतो. तेव्हा सवय अशी लावा : आधी लिव्हर बघायची, मग डायल वाचायचे. वेग नेमका कोणता चालू आहे ते व्ह्यूफाइंडरच्या खालच्या पट्टीत बघायचे.

फुजीफिल्मने हे कोडे वेगळ्या तऱ्हेने सोडवले आहे. एक्स-टी५ मध्ये पी-ए-एस-एम असा डायलच नाही. शटर डायलवर आणि ॲपर्चर रिंगवर ‘ए’ (इथे ऑटो) अशी खूण असते. दोन्ही ‘ए’ वर ठेवले तर सगळे कॅमेरा बघतो, एक बाजूला केले तर ते तुमच्या हाती येते. मला ही पद्धत जास्त सरळ वाटते. फुजीच्या बऱ्याच लेन्सवर ॲपर्चरची रिंग असते, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्याचे सोंग पूर्ण वठते. निकॉनच्या लेन्सवर आकडे कोरलेली रिंग नाही. ॲपर्चर बदलायचे ते पुढच्या बोटाजवळच्या चाकाने. म्हणजे झेड एफसी वरून १९८२ चा आणि समोरून आजचा. काहींना हे खटकते, काहींच्या लक्षातही येत नाही.

आता डायलची एक अडचण. शटर डायलवरचे आकडे जुन्या रीतीने दुपटीचे आहेत : ३०, ६०, १२५, २५०. मधले काही नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या ट्यूबलाइटचा आणि स्वस्त एलईडी बल्बचा उजेड सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. त्याच्याशी जुळणारे वेग म्हणजे १/५० आणि १/१००, आणि नेमके तेच डायलवर नाहीत. १/१२५ किंवा १/२५० वर काढलेल्या फोटोंत कधी एक उजळ, दुसरा काळपट, तर कधी आडवे पट्टे दिसतात. उपाय सोपा आहे : शटर डायल ‘१/३ स्टेप’ अशा खुणेवर न्या. मग मागच्या चाकाने १/५०, १/१०० असे मधले वेग निवडता येतात. ही खूण नसती तर गोव्यातल्या घरातली चवथ या कॅमेऱ्याने नीट टिपता आली नसती. सायलेंट मोड दिव्यांच्या उजेडात शक्यतो लावू नका. त्यात इलेक्ट्रॉनिक शटर चालते आणि पट्टे आणखी वाढतात.

एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या डायलबद्दल एकच. कॅमेरा बंद केल्याने तो शून्यावर येत नाही. काल संध्याकाळी उणे २ वर ठेवलात तर आज सकाळीही तो उणे २ च. पिशवीतून काढताना घासूनही सरकतो, कारण आयएसओ आणि शटरच्या डायलांना असते तसे लॉकचे बटण त्याला नाही. कॅमेरा बाहेर काढला की अंगठा त्यावर फिरवून शून्य बघून घ्या.

ऑटो आयएसओ मेनूतून लावावा लागतो. तो चालू असताना डायलवरचा आकडा किमान मर्यादा ठरतो, म्हणून डायल १०० वर ठेवा. ६४०० वर विसरलात तर भर दुपारी मिरामारला दाणेदार फोटो मिळतील.

पायरी ४ : उणिवा, गोव्याच्या हवेत तपासून

कागदावरच्या उणिवा कोणीही वाचून दाखवेल. इथे त्या कशा नडतात ते बघू.

पहिली आणि मोठी : झेड एफसी पाण्याधुळीपासून बंदिस्त केलेला नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. आपले अर्धे देखणे प्रसंगही तेव्हाचेच : सांजाव, माशेलचा चिखलकाला, वास्कोचा भजनी सप्ताह, चवथ. माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात पोरे चिखलात लोळत असतात तेव्हा बंदिस्त नसलेली बॉडी घेऊन आत शिरणे हा शौर्याचा प्रकार नव्हे. बाहेरून, छत्रीखालून, थोड्या लांब लेन्सने काढा, नाहीतर त्या दिवसापुरता जुना मोबाइल वापरा. पावसातच काम करायचे असेल तर पर्याय वेगळे आहेत. फुजीचा एक्स-टी५ आणि निकॉनचाच मोठा भाऊ झेड एफ या दोघांना पाणी-धूळ रोखणारी बांधणी आहे. २०२५ मध्ये आलेल्या ओएम सिस्टमच्या ओएम-३ ला तर आयपी५३ असा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा आहे. लेन्सही तशीच बंदिस्त हवी, नुसती बॉडी पुरत नाही. फुजीच्याच एक्स१००-६ ची लेन्स बॉडीलाच जोडलेली असते, पण पुढे ॲडॅप्टर रिंग आणि फिल्टर लावल्याशिवाय तोही पूर्ण बंदिस्त होत नाही. हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

दुसरी : बॉडीत स्थिरीकरण नाही. हात हलला की फोटो हलला. दिवसा काही बिघडत नाही. नरकासुराच्या रात्री किंवा शिगम्याच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत मात्र कळते. किटमधल्या (बॉडीबरोबर मिळणाऱ्या) १६-५० लेन्समध्ये व्हीआर, म्हणजे लेन्समधले स्थिरीकरण आहे, तो स्थिर वस्तूंना सांभाळून घेतो. रोमटामेळात नाचणारी माणसे त्याने थांबत नाहीत, त्यांना वेगवान शटरच लागते. झेड एफमध्ये बॉडीतच स्थिरीकरण आहे, कंपनीच्या दाव्यानुसार आठ स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). सेन्सरही पूर्ण फ्रेमचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा, २४.५ मेगापिक्सेलचा. पण वजन ७१० ग्रॅम, आणि लेन्सही मोठ्या व महाग. नावे सारखी असल्याने ऑनलाइन मागवताना शेवटचे अक्षर दोनदा वाचा.

तिसरी, बॅटरी. झेड एफसीची ईएन-ईएल२५ ही बॅटरी लहान आहे, एका चार्जमध्ये साधारण ३०० फोटो धरा. यूएसबी-सीने चार्ज होते, त्यामुळे बसमध्ये पॉवर बँक लावता येते. तरी दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या आणि ती कंपनीची घ्या. बॅटरी आणि कार्ड दोन्ही तळाच्या एकाच झाकणाआड आहेत. ट्रायपॉडची प्लेट लावली की ते झाकण अडते. हरवळ्याच्या धबधब्यासमोर ट्रायपॉड मांडल्यावर कार्ड बदलायचे झाले तर सगळे सोडवा आणि पुन्हा बांधा. म्हणून निघण्याआधी कार्ड रिकामे करा.

अंगचा फ्लॅश नाही (झेड ५० ला होता). त्याचे मला फारसे दुःख नाही.

व्हिडिओ ४के ३० पर्यंत येतो, पूर्ण रुंदीचा. माइक लावता येतो, हेडफोन नाही. रील्ससाठी चालेल. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर हा कॅमेरा घेण्याचे कारण उरत नाही.

पायरी ५ : लेन्स

दोन वाटा आहेत. किटची १६-५० मिमी लहान आहे, मिटली की चपटी होते, रुंद कोन देते. तिचे ॲपर्चर एफ/३.५ पासून एफ/६.३ पर्यंत, म्हणजे घरात आणि संध्याकाळी आयएसओ वर चढतो. दुसरी वाट २८ मिमी एफ/२.८ एसई. ती या बॉडीसाठीच जुन्या वळणाची करून दिली आहे, आणि या लहान सेन्सरवर साधारण पूर्ण फ्रेमच्या ४२ मिमीसारखी दिसते, डोळ्याला सहज वाटणारी. तिच्यात व्हीआर नाही.

शिकायचे असेल तर मी २८ सुचवतो. झूम नसले की पायांनी पुढे-मागे व्हावे लागते आणि चौकट आधी मनात बसते. अपवाद माटोळीचा. चौरंगासमोर उभे राहायला चार हात जागा नसते आणि वर टांगलेले माडाचे नारळ, सुपारीचे घड, रानफळे सगळे एका चौकटीत घ्यायचे तर १६ मिमीच लागते. घरात दोन्ही असतील तर चवथीला किटची लेन्स घ्या.

घरी मामा-काकांची जुनी निकॉन लेन्स पडून असेल तर फेकू नका. एफटीझेड नावाच्या ॲडॅप्टरने ती बसते. एएफ-एस लेन्स आपोआप फोकस होतात. त्याआधीच्या, बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या एएफ-डी लेन्स हाताने फोकस कराव्या लागतात. फोकस पीकिंग लावले की फोकसमधल्या कडा रंगीत दिसतात, मग हाताने करणे जमते. फक्त आतली बुरशी आधी बघा, तिच्याविषयी पुढे येतेच.

पायरी ६ : पहिले काही आठवडे काय करायचे

सगळे डायल एकदम हाती घेऊ नका. एका वेळी एक.

सुरुवात कॉम्पेन्सेशनच्या डायलने, आणि त्यासाठी जुन्या गोव्यासारखी शाळा नाही. रस्त्याच्या एका बाजूला सी कॅथेड्रल, चुन्याने पांढरे. समोर बॉम जीझस बासिलिका, गिलावा काढून टाकलेली, उघड्या चिऱ्यांची लालसर. ऊन एकच, रंग दोन टोकांचे. ए मोड, आयएसओ १००, एफ/८. कॅथेड्रलकडे वळा आणि शून्यावर एक फोटो घ्या. पांढरी भिंत राखाडी येईल, कारण मीटर जे दिसेल त्याला मधल्या करड्याकडे खेचतो. डायल अधिक १ वर न्या, भिंत पांढरी होईल. आता पाठ फिरवा, बासिलिकेच्या चिऱ्यांवर शून्य आणि उणे २/३ असे दोन फोटो काढून बघा. दुसऱ्यात दगडाचा रंग जास्त भरीव येतो. एवढे तासाभरात समजते, पुस्तकातून समजायला आठवडे लागतात. पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चलाही हेच गणित लागते. आत फोटो काढायचे तर दाराशी लावलेला फलक वाचा. देवळांतही गर्भकुडीकडे कॅमेरा वळवण्याआधी विचारा.

नंतर शटर. एस मोड लावा आणि रायबंदरच्या धक्क्यावर जा. फेरीबोट धक्क्याला लागली की स्कूटरी धडाधड बाहेर पडतात. १/५०० ला त्या जागच्या जागी थिजतात. १/३० ला आणा, एका स्कूटरीबरोबर कॅमेरा सावकाश वळवत बटण दाबा. स्वार स्पष्ट आणि मागची मांडवी पुसट आली की जमले. पहिल्यांदा जमत नाही, पण धक्क्यावर स्कूटरींना तोटा नाही.

मग एम. दुपारच्या स्वच्छ उन्हात मीटरकडे न बघता लावून पाहा : आयएसओ १००, शटर १/५००, एफ/८. फिल्मवाले हाच हिशेब एफ/१६ आणि १/१२५ असा सांगत, प्रकाश तितकाच. डिसेंबरच्या निरभ्र दुपारी हे आकडे जवळजवळ बरोबर बसतात. झाडाच्या सावलीत गेलात तर शटर तीन टप्पे खाली, १/६०. डायलवर तीनदा टक-टक-टक. डायल असल्याचा आनंद मला सगळ्यात जास्त इथे मिळतो.

शेवटी रात्रीचे नाटक. गावच्या उत्सवातल्या रंगमंचावर उजेड थोडा आणि सतत बदलता. आयएसओ ३२००, एफ/२.८, शटर १/१०० इथून सुरुवात करा. चेहऱ्यावर उजेड पडला की काढा, काळोखाला उजळ करायच्या नादी लागू नका. रंगीत एलईडीचा स्वभाव घरच्या दिव्यांपेक्षा वेगळा असतो, तिथे १/१०० नेही पट्टे दिसले तर १/५० करून बघा आणि पात्र क्षणभर स्थिर होईपर्यंत थांबा. स्क्रीन मिटलेलीच ठेवा, मागच्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत तिचा उजेड जातो.

माणसांबद्दल एक. कॅमेरा गोड दिसतो म्हणून परवानगी मिळालीच असे धरू नका. गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढली होती की इतर पर्यटकांचे, विशेषतः उन्हात पहुडलेल्यांचे आणि समुद्रात पोहणाऱ्यांचे, फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नयेत. फोंताइन्हासमधली घरेही लोकांची राहती घरे आहेत. खिडकीशी, बाल्कनीच्या पायऱ्यांवर टेकून फोटो काढणाऱ्यांना तिथले रहिवासी विटले आहेत. रस्त्यावरून काढा, आवाज कमी ठेवा, कोणी बाहेर आले तर आधी ‘देव बरें करूं’ (कोंकणीतला धन्यवाद) म्हणा.

पायरी ७ : खारे वारे, वाळू, बुरशी

रापण ओढतात तिथे उभे राहिलात तर दहा मिनिटांत लेन्सच्या काचेवर खारट धूर बसतो. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअरने हवा मारा, मग बॉडी किंचित ओलसर मऊ फडक्याने आणि लगेच कोरड्याने पुसा. रेट्रो बॉडीवर फटी जास्त, प्रत्येक डायलखाली एक. वाळूचा कण तिथे गेला की डायल करकरतो. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका आणि कॅमेरा टॉवेलवर ठेवू नका.

एसी गाडीतून एकदम बाहेर आलात तर काच आणि व्ह्यूफाइंडर धुरकट होतात. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या, बाहेरच्या उबेला आला की काढा.

रेट्रोवाल्यांना चामड्याचे अर्धे कव्हर आणि चामड्याचा पट्टा फार आवडतो. दिसतो छान. पण गोव्यात जूनपासून चामडे ओल धरते, त्यावर पांढरी बुरशी चढते आणि तीच पुढे लेन्सपर्यंत जाते. पावसाळ्यात चामडे उतरवून ठेवा, कापडी पट्टा लावा. कॅमेरा कपाटात कपड्यांमध्ये ठेवू नका. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर घ्या, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलची पुडकी आणि एक छोटा आर्द्रतामापक. निळे दाणे गुलाबी पडले की पुडकी तापवून कोरडी करा किंवा बदला. तांदळात ठेवण्याचा सल्ला घरोघरी मिळेल. ऐकू नका, तांदळाची भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये जाते. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. रोज हाताळलेल्या लेन्सवर बुरशी सहसा धरत नाही.

जुना घेणार असाल तर

वापरलेला झेड एफसी बाजारात मिळतो, कारण रूपावर भाळून घेतलेले बरेच जण सहा-आठ महिन्यांत विकतात. नव्या शिकणाऱ्याला हा सौदा चांगला. प्रत्येक डायल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, प्रत्येक टप्प्यावर तो ठामपणे अडकला पाहिजे, आणि व्ह्यूफाइंडरमधला आकडाही त्याबरोबर बदलला पाहिजे. लॉकची बटणे दाबून बघा. स्क्रीनची बिजागरी सैल नाही ना, ते बघा. तळाचे बॅटरीचे झाकण काढून आत हिरवट गंज आहे का तेही पाहा. एक फोटो काढून त्याच्या माहितीतून शटर किती वेळा उडालेय ते काढता येते. मग लेन्स बॉडीवरून काढा, ॲपर्चर उघडे ठेवून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरके बघा. धुळीचे दोन-चार कण असले तर चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स फुकट दिली तरी तुमच्या डब्यात इतर लेन्सशेजारी ठेवू नका, बॉडीचा सौदा मात्र वेगळा करून घ्यायला हरकत नाही.